लाव्याचा नाला, भंडाऱ्याचा नळ

नागपूर शहराला उतार आहे. मोटारीत बसणाऱ्याला तो कळत नाही, सायकल चालवणाऱ्याला कळतो. महालातून निघून सीताबर्डी, धरमपेठ करत अंबाझरीकडे जायचं तर चढ लागतो. परतताना सायकल आपसूक पळते. पश्चिमेला लावा, वाडी, दाभा या बाजूच्या काळ्या दगडाच्या बुटक्या टेकड्या आहेत आणि पूर्वेला कन्हान नदीचं सखल खोरं. या उताराच्या भरवशावर हे शहर कितीतरी पिढ्या पाणी प्यालं. वरच्या टोकाला पाणी अडवायचं, खाली शहराने ते वापरायचं आणि उरलेलं पूर्वेला सोडून द्यायचं. ज्या एका लहान ओढ्याच्या जिवावर हे चाललं, तो आपला नाग.

आज नाग नदी म्हटलं की हात आधी नाकाकडे जातो. पंचशील चौकातल्या पुलावरून जाताना गाडीची काच वर होते. तिच्या घाणीविषयी पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते खरंही आहे. मला मात्र तिच्याकडे उगमापासून शेवटपर्यंत पिण्याच्या पाण्याचा ओढा म्हणूनच पाहायचं आहे, कारण ती अजूनही तेच आहे. हे मला फार उशिरा आणि भंडाऱ्याच्या मावशीकडून कळलं. ते पुढे सांगेन.

आधी वरचं टोक.

माझे मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. दर पावसाळ्यात ते लाव्याकडे फिरायला जातात आणि जमेल तेव्हा मी त्यांच्यासोबत असते. पोळा उलटून गणपतीचे दिवस आले की जावं, असा त्यांचा आग्रह. तोवर जमीन पुरती भिजलेली असते, आणि कोणता ओहोळ फक्त सरीपुरता आणि कोणता उघडीपीतही वाहणारा, ते तेव्हाच समजतं. रस्ता सोडून आत शिरलं की मुरमाड माळ लागतो. पळस, बोर, बाभूळ, खाली दाट तरोटा, आणि मध्येमध्ये काळा पाषाण उघडा पडलेला. नागपूर हे दख्खनच्या काळ्या दगडाचं पूर्वेकडचं टोक आहे. इथून थोडं पूर्वेला गेलं की तो दगड संपतो आणि वेगळा, कितीतरी जुना खडक सुरू होतो. म्हणून टेकड्या सगळ्या पश्चिमेला आणि पाण्याचा जन्मही पश्चिमेलाच.

नाग जिथे सुरू होतो तिथे बघण्यासारखं काही नाही. कुंड नाही, गोमुख नाही. दोन उतारांच्या मधल्या खळग्यात गवत जरा जास्त हिरवं दिसतं, चप्पल ओली होते, आणि शे-दोनशे पावलं पुढे गेलं की पायाखाली वितभर पाण्याची धार असते. मग डावीकडून एक ओहोळ येऊन मिळतो, उजवीकडून एक. पाऊस उघडून चार दिवस झाले असले तरी धार चालूच असते. वरचा मुरूम पाऊस पोटात घेतो, खाली कठीण दगड लागला की ते पाणी आडवं सरकतं आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे पाझरतं. मामा म्हणतात, "पावसाचं पाणी कोणीही वाहवतं. उघडीपीत जे वाहतं ते माळाचं देणं."

तिथे शेळ्या घेऊन येणारी एक बाई आम्हाला भेटायची. काठाच्या वाळूत हातभर खड्डा करून ती थांबायची, गढूळ पाणी ओंजळीने बाहेर टाकायची, पुन्हा थांबायची. मग झिऱ्यात नितळ पाणी जमायचं.

"पिता तुम्ही हे?" मी विचारलं.

"काहून नाही जी? बाटलीतल्या पाण्याले चव कुठं असते? हे गोड लागते," ती म्हणाली आणि माझ्यापुढे ओंजळ केली.

मी ते पाणी प्याले. थंड होतं आणि किंचित मातकट. ज्या नदीच्या पुलावर मी श्वास रोखून धरते, तिचंच ते पाणी होतं. मधलं अंतर एका सकाळच्या चालीचं आहे.

शहर वसायच्या आधी इथे राजापूर बारसा नावाने ओळखली जाणारी बारा खेडी होती. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२च्या सुमारास ती जोडून नागपूर वसवलं. त्याच्यानंतर चांद सुलतानने नागाकडे जाणाऱ्या ओहोळांना वळवून शहराच्या पाण्यासाठी तलाव केला. तो जुम्मा तलाव, पुढचा शुक्रवारी, आताचा गांधीसागर. मग भोसले आले आणि त्यांनीही तलाव बांधले. तेलंगखेडीचा फुटाळा त्यांचाच. अंबाझरीही मूळ त्या काळातली. तिथून मातीच्या नळांनी सरदार-दरकदारांच्या घरांपर्यंत पाणी नेलं जायचं असं जुने लोक सांगतात. राज्यं बदलली तरी आलेल्या प्रत्येकाने पाण्यासाठी पश्चिमेकडेच पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. या माळावर पडलेला पाऊस खाली येणार आणि तो वरच अडवला तर शहर जगणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

१८६१मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. १८६७मध्ये रेल्वे आली. वस्ती वाढली, विहिरी आणि शहरातले तलाव पुरेनात. तेव्हा अंबाझरीचं जुनं धरण उंच करून नळयोजना करायचं ठरलं आणि १८७०च्या आसपास ते काम झालं. या कामावर अलेक्झांडर बिनी नावाचा तिशीतला इंग्रज इंजिनिअर होता. नागपुरात त्याचं नाव फार कोणाला माहीत नाही. पण मामांच्या पिढीच्या प्रत्येक इंजिनिअरने ते परीक्षेत लिहिलेलं आहे. 'बिनीचे टक्के' म्हणजे काय, हे मामांनी मला त्याच माळावर, एका दगडावर बसून समजावलं.

धरण बांधताना पहिला प्रश्न असा की पाणी येणार किती? पाऊस मोजता येतो, पण पडलेला सगळा पाऊस तलावात येत नाही. काही जमीन पिते, काही झाडं पितात, काही ऊन घेऊन जातं. मग येतो किती? हिंदुस्थानातल्या जमिनीचं याचं नीट उत्तर तेव्हा कोणाकडे नव्हतं. इंग्लंडातले आडाखे इथल्या मातीला आणि इथल्या चार महिन्यांच्या पावसाला लागू पडणारे नव्हते. बिनीने मोजायचं ठरवलं. नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या लहानशा पाणलोटावर १८६९ आणि १८७२ या दोन वर्षांत त्याने पाऊस किती पडला आणि त्यातला वाहून किती आला याचा हिशेब ठेवला. दोन्ही वर्षांचे आलेख काढले तर ते एकसारखे निघाले. त्यातून त्याने एक तक्ता केला. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर १५ टक्के पाणी वाहून येतं, ८००ला २९ टक्के, १०००ला ३८ आणि ११००ला ४०.

पहिल्यांदा ऐकताना हे आकडे कोरडे वाटतात. मामांनी मला बोटांवर हिशेब करायला लावला. ५००चे १५ टक्के म्हणजे ७५. १०००चे ३८ टक्के म्हणजे ३८०. पाऊस दुप्पट झाला आणि पाणी पाचपट आलं. उलट बाजूने पाहिलं तर पाऊस निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, ते पाचव्या हिश्शावर येतं. माळाचा घरखर्च आधी भागतो, आणि शिल्लक असेल तरच ती तलावाच्या वाट्याला येते. मृगाचा पाऊस काळ्या मातीच्या भेगांतच जिरतो. आर्द्रा, पुनर्वसूत मुरूम भरतो. मघा-पूर्वांत जमीन तृप्त झाली की मग पडेल ते पाणी खाली येऊ लागतं.

आणखी एक हिशेब आम्ही तिथेच केला. १६ चौरस किलोमीटरवरून चांगल्या वर्षी सुमारे ६० लाख घनमीटर पाणी खाली येईल, म्हणजे ६०० कोटी लिटर. तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या आतबाहेर होती. माणशी रोजचे १६० लिटरच्या वर झाले. वाईट वर्षी हेच पाणी १२ लाख घनमीटर, माणशी ३३ लिटर. त्यातून वैशाखातलं ऊन आपला वाटा वेगळा घेणार. नागपूरच्या उन्हात उघड्या तलावाचं पाणी किती उडतं याच्याही नोंदी बिनीने ठेवल्या होत्या. म्हणजे वितभर धारेचा हा नाला एका अख्ख्या शहराला पाजू शकत होता, फक्त काठाकाठाने. पाऊसमान बिघडलं की शहराचा घसा कोरडा. म्हणून पाणलोटातला एकेक ओहोळ मोलाचा होता.

बिनीचा निबंध १८७५च्या सुमारास लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या कार्यवृत्तात आला. तो पुढे लंडनचा मुख्य इंजिनिअर झाला, टेम्सच्या पोटातून ब्लॅकवॉल बोगदा काढला, 'सर' झाला. त्याचे टक्के मात्र इथेच राहिले. विदर्भात आणि मध्य प्रदेशात कितीतरी तलावांचे आणि बंधाऱ्यांचे अंदाज या टक्क्यांवर बांधले गेले आणि आजही जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हा तक्ता आहे. गावात तलाव किती मोठा बांधावा, हे ठरवताना मामा नोकरीभर नागपूरच्या या माळाचा दाखला घेत आले. मला हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. "आपल्या नाल्याने सगळ्या मुलुखाला माप दिलं," ते म्हणाले.

पुढची कथा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. अंबाझरी पुरेना तेव्हा १९१२मध्ये गोरेवाडा तलाव झाला. तोही पश्चिमेच्याच टेकड्यांत, पिवळ्या नदीच्या उगमावर. तो पुरेना तेव्हा कन्हानचं पाणी उचललं. तेही पुरेना तेव्हा पेंच. तोतलाडोह, नवेगाव खैरी ही पेंच नदीवरची धरणं आणि तिथून ४०-५० किलोमीटरवरून पाणी गोरेवाड्याला. "आमच्याकडे कन्हानचं पाणी येतं, तुमच्याकडे पेंचचं," असं आपण एकमेकांना सहज सांगतो, आणि ज्याच्याकडे पेंचचं येतं तो जरा ताठ बसतो. माझी आजी मात्र अखेरपर्यंत गोरेवाड्याच्या पाण्याची आठवण काढायची. तिची डाळ त्याच पाण्यात शिजायची, असं तिचं म्हणणं.

पाणी लांबून येऊ लागलं की जवळच्या पाण्याचं मोल कमी होतं. हे नागपूरचंच आहे असं नाही, सगळ्या शहरांचं आहे. पण २०१९चा जुलै मी विसरू शकत नाही. तोतलाडोह तळाला गेलं होतं, वर मध्य प्रदेशात चौराईला पेंच अडवलेली, पावसाने ओढ दिलेली, आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. उन्हाळाभर कूलरमध्ये बादल्या ओतणारे आम्ही त्या महिन्यात तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घालत होतो. तेव्हा घरोघरी चर्चा चालायची ती छिंदवाड्यात पाऊस झाला का याची. लाव्यात पाऊस झाला का, असं विचारणारं कोणी नव्हतं.

आणि लाव्यात तोवर पुष्कळ काही झालं होतं. ज्या ओहोळांकडे मी मामांसोबत जाते त्यांतले काही आता भिंतीपाशी थांबतात. मुरूम खोदून नेलेल्या जागी खड्डे आहेत. लेआउट पडले, रस्ते झाले, पाटीवर 'निसर्गरम्य परिसर' लिहिलं गेलं. वरच्या वस्त्यांचं सांडपाणी त्याच ओहोळांतून अंबाझरीत उतरतं. अलीकडे तलावावर जलपर्णी पसरली, ती त्यामुळेच. ज्या तलावासाठी थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला गेला, तो शहराच्या पिण्याच्या यादीतून निघाला आणि त्याच्या वरच्या माळाची राखणही संपली. पिण्याचं पाणी असतं तर पहिल्या बिनपरवाना घराच्या पहिल्या मोरीलाच आरडाओरडा झाला असता.

मग २३ सप्टेंबर २०२३ची पहाट आली. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शहरात १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरीच्या सांडव्यावरून पाणी सुटलं, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतली माणसं झोपेतून उठली ती कमरेएवढ्या पाण्यात. माणसं दगावली, हजारो घरांत चिखल शिरला. अंबाझरी ओव्हरफ्लो झाली की भुट्टे खात ते पाणी बघायला जाणं हा आमच्या लहानपणापासूनचा सोहळा. त्या पहाटेनंतर माझ्या ओळखीतल्या काही घरांत पावसाचा जोर वाढला की अजून कोणी झोपत नाही.

त्या आठवड्यात मामांनी पुन्हा कागद काढला. तेवढाच पाऊस वरच्या माळावर पडला असं धरलं, तर १६ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे १६ लाख घनमीटर पाणी. बिनीच्या तक्त्यातल्या वाईट वर्षात अख्ख्या पावसाळ्यात हा नाला १२ लाख आणतो. म्हणजे एका रात्रीत माळावर जे कोसळलं ते त्या सालभराच्या पाण्याहून जास्त होतं. सप्टेंबरअखेर जमीन तशीही भरलेली असते, त्यामुळे पूर्वीही त्यातलं बरंच खाली आलंच असतं, हे मामा मान्य करतात. पण पूर्वी ते गवतातून, मुरमातून, ओहोळांच्या वळणांतून रेंगाळत आलं असतं. आता ते डांबरावरून आणि सिमेंटच्या नालीतून येतं. आणि खाली नदीच्या पात्रातच भिंती आहेत. तक्त्यातले टक्के उघड्या माळाचे होते. तो माळ आता तसा राहिला नाही आणि नवे टक्के कोणी काढल्याचं मला तरी माहीत नाही.

मला हे सर्वांत जास्त लागतं. दीडशे वर्षांपूर्वी, परक्या सरकारच्या नोकरीत असलेल्या माणसाने दोन पावसाळे या एवढ्याशा नाल्याची वही ठेवली. आज आपल्या हातात उपग्रहाची चित्रं आहेत, मोबाइलवर पावसाचे अंदाज आहेत, आणि शहराच्या डोक्यावर बसलेल्या या नाल्यातून वर्षाकाठी किती पाणी येतं ते आपण मोजत नाही.

शहरातल्या नागाविषयी मी फार लिहिणार नाही. सतरा-अठरा किलोमीटरची ती वाट आहे. शंकरनगरच्या मागून, पंचशील चौक, यशवंत स्टेडियम, मोक्षधामचा घाट, बैद्यनाथ चौक, जगनाडे चौक, मग नंदनवन, पारडी. एका बाजूला स्मशानघाट, दुसऱ्या बाजूला दवाखाने, मध्ये भाजीबाजार, आणि प्रत्येक वळणावर एखादी नाली येऊन मिळतेच. शहरातून तिच्यात येतं ते सांडपाणी, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिला पाणी असतं. भांडेवाडीला मोठी शुद्धीकरण केंद्रं आहेत, तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, आणि त्यासाठी पेंचचं तेवढं पाणी वाचतं. हे काम चांगलं आहे आणि नागपूरने ते देशात लवकर केलं. पण सगळं सांडपाणी तिथवर पोचत नाही.

शहर संपलं की आपल्या लेखी नदीही संपते. नकाशात मात्र ती पुढे जाते. पिवळी नदी तिला मिळते, मग दोघी मिळून कन्हानला. इथे एक गोष्ट नीट पाहावी. नागपूर कन्हानचं पाणी उचलतं ते वर, कामठीच्या बाजूला. नाग कन्हानला मिळते ती त्याच्या बरीच खाली. आपण प्यायचं पाणी वर घेतो आणि आपलं पाणी खाली सोडतो, एकाच नदीत. पुढे कन्हान कुही तालुक्यातून आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ, आणि आता केबलचा भला मोठा पूल. नागपूरची माणसं रविवारी तिथे पूल बघायला जातात. पुलाखालून वाहतं त्यात आपल्या न्हाणीघराचं पाणी असतं. त्याच्या पुढे गोसेखुर्द धरण. १९८८मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. धरणाचं पाणी फुगतं तेव्हा ते मागे सरकत वैनगंगेतून भंडाऱ्यापर्यंत जातं. भंडारा संगमाच्या वर आहे, वाहत्या नदीच्या काळात आपली घाण तिथे पोचायचं कारण नव्हतं. धरणाच्या फुगवट्याने ते कारण झालं. भंडाऱ्याचं पिण्याचं पाणी वैनगंगेतून येतं, आणि नागाच्या पाण्याची तिथली तक्रार जुनी आहे. वर्तमानपत्रांत येते, विधानसभेत येते, पुन्हा येते.

माझी मावशी भंडाऱ्याला असते. दिवाळीला तिच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात नळाखाली पाणी भरायचा गुंड होता, त्यावर फडकं बांधलेलं, आणि बाजूला पिण्यासाठी विकतचा कॅन. लहानपणी तिच्याकडे गेलं की वैनगंगेचं पाणी तांब्यातून मिळायचं आणि काका अभिमानाने सांगायचे की असं पाणी नागपुरात नाही. मी कॅनकडे पाहिलं, तशी मावशी म्हणाली, "काय पाहून राहिली? तुमच्याच घरचं पाणी आहे बाई नळाले. नागपूरवरून आलं. म्हणून प्यायला हे विकत आणतो."

ती रागाने बोलली नव्हती. चहा ठेवता ठेवता बोलली, भाव सांगावा तसं. मला मात्र त्या चहाचा घोट उतरेना. मी मनात वाट मोजत होते. लाव्याच्या माळावर बाईच्या ओंजळीतून प्यालेलं पाणी, अंबाझरी, पंचशीलचा पूल, मोक्षधाम, पारडी, कन्हान, आंभोरा, आणि मग हा गुंड. ज्याला आपण पिण्याच्या यादीतून काढून टाकलं तो नाला लोकांना पाजायचा कधी थांबलाच नव्हता. गोसेखुर्दच्या काठच्या गावांना, भंडाऱ्याच्या घरांना तो पाजतोच आहे. आपण प्यायचं थांबवलं, इतकंच.

नागाच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प आहे. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली, जपानी कर्जाच्या मदतीने, सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा. त्याला २०२२मध्ये मंजुरी मिळाली. त्यातून सांडपाण्याच्या वाहिन्या आणि नवी केंद्रं होतील. तो पुरा व्हावा आणि लवकर व्हावा, असं मला मनापासून वाटतं. मावशीच्या गुंडावरचं फडकं निघायचं असेल तर ते त्याच कामाने निघेल. पण शहरातल्या वाहिन्यांनी वरचा माळ वाचणार नाही. नदीकाठी फरशा बसवून, बाकं ठेवून, दिवे लावून नदी सुंदर करण्याच्या योजना मी वाचते तेव्हा माझा जीव त्यात रमत नाही. ज्या शहराला वरचे दोन ओहोळ कुठून येतात हे माहीत नाही, त्याने काठाला कठडे बसवले तरी नदीच्या अंगात पाणी कुठून येणार? उन्हाळ्यात तिच्यात शुद्ध केलेलं सांडपाणी सोडता येईल. माळाने महिनोन्महिने पाझरून दिलेलं पाणी सोडता येणार नाही.

यंदा मामांनी एक अर्ज लिहायला घेतला आहे. अक्षर अजून ओव्हरसियरचं, आकडे रेघेवर. लाव्याच्या नाल्यावर अंबाझरीच्या वर वाहतं पाणी मोजणारा एक खाच-बंधारा आणि पाणलोटात पर्जन्यमापक बसवावेत, आणि दर पावसाळ्याचे आकडे शहरातल्या लोकांपुढे ठेवावेत. जुन्या नकाशावरचे सगळे ओहोळ विकास आराखड्यात दाखवावेत, आणि त्यांच्यावर भिंत घालण्याची परवानगी पिण्याच्या पाण्याच्या पाणलोटाच्या नियमांनी तपासावी. नदी शहराबाहेर पडते तिथे तिचं पाणी तपासून निकाल भंडाऱ्याला कळवावा. ही शेवटची मागणी मी घालायला लावली. मामा म्हणाले, भंडाऱ्याचा यात काय संबंध, असं विचारतील. मी म्हटलं, विचारू द्या, मग उत्तर लिहू.

मोजणी कोण करेल हेही विचारतील, म्हणून मामांनी एक स्वस्त पर्जन्यमापक लाव्याकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर लावून ठेवला आहे. त्यांची नातवंडं शनिवार-रविवार जातात, मधल्या दिवसांचे आकडे तो शेतकरी फोनवर सांगतो. "काल लय आला जी, साठ भरला," असं तो म्हणाला की मामा वहीत तारीख घालतात. अर्जाच्या दोन प्रती होतील. एक नागपुरात द्यायची आणि दुसरी मावशीने भंडाऱ्यात द्यायची. तिने शेजारच्या चौघींना आधीच सांगून ठेवलं आहे.